ट्रायलोबाइटला, म्हणजे फार पूर्वी समुद्रात राहणाऱ्या, आता नामशेष झालेल्या कवचधारी प्राण्याला, जबडे होते का? आणि पन्हाळ्याच्या बाजूला त्याचा जीवाश्म सापडेल का?

दुसऱ्याचं आधी सांगतो: नाही. आपला कोल्हापूरचा काळा दगड साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, आणि ट्रायलोबाइट 25 कोटी वर्षांपूर्वीच संपले. बघायचेच तर हिमाचलात स्पितीला जावं लागेल, तिथल्या कँब्रियन काळातल्या (सुमारे 50 कोटी वर्षांपूर्वीच्या) खडकांत ते मिळतात.

आता तोंड. खेकडा उलटा केला की तोंडापाशी हलणारे अवयव दिसतात ना, तसे खास जबडे यांना नव्हतेच. डोक्याच्या खालच्या बाजूला हायपोस्टोम नावाची कठीण, कॅल्साइटची (चुनखडीतल्या खनिजाची) पट्टी असे, आणि तोंड तिच्या मागच्या कडेशी, शेपटीकडे वळलेलं! म्हणजे घास मागून पुढे यायचा. चावायचं काम पायांकडे: पायांच्या मुळाशी काटेरी भाग असत, दोन्हीकडचे एकमेकांवर घासून अन्न चिरडत आणि मधल्या खोबणीतून तोंडाकडे ढकलत. ओडिशाच्या किनाऱ्यावरचा नालखेकडा आजही असाच जेवतो.

काही जातींत हायपोस्टोम पुढे कवचाला घट्ट जोडलेला, आयसोटेलस नावाच्या ट्रायलोबाइटमध्ये तर मागून चक्क दुबेळक्यासारखा. अशांना बरेच अभ्यासक शिकारी मानतात. सुटा हायपोस्टोम असलेले गाळातलं बारीकसारीक खाणारे. पायांवर पाठीसारखं कॅल्साइटचं कवच नसल्यामुळे ते जीवाश्मांत क्वचितच टिकतात, म्हणून पुस्तकांत नुसती पाठच दिसते.