जळालेली मोटार रिवाइंड करावी की नवी घ्यावी? पर्यावरणाच्या दृष्टीनं काय बरं?

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीच्या ब्लोअरची २० एचपीची जुनी मोटार जळालीय, असं तुम्ही लिहिलंय. ब्लोअर दोन पाळ्या चालत असेल तर नवी घ्या, आयई३ किंवा त्यावरची (आयई म्हणजे कार्यक्षमतेची श्रेणी, आकडा मोठा तेवढी वीज कमी). तीच मोटार स्टँडबाय पंपाची असती तर रिवाइंडच करा म्हटलं असतं. मोटार वर्षाला किती तास फिरते, यावरच सगळं आहे.

१५ किलोवॅट (म्हणजे तुमची २० एचपी), चार पोलच्या, म्हणजे सुमारे दीड हजार आरपीएमच्या, आयई१ मोटारीची कार्यक्षमता ८८.७ टक्के, आयई३ची ९२.१. फरक किरकोळ वाटतो, पण फुल लोडला ५,००० तास धरले तर वर्षाला तीन हजारांवर युनिट वाचतात. आपल्या ग्रिडवर युनिटमागं साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो, म्हणजे दोन टनांवर. नव्या मोटारीचं बीड (कास्ट आयर्न), तांबं, स्टॅम्पिंग (कोअरचे पातळ पत्रे) बनवताना झालेलं प्रदूषण यात वर्षाच्या आत फिटतं. ३०० तास चालणाऱ्या मोटारीत दोनशे युनिटही वाचत नाहीत. तिथं चांगली बॉडी मोडीत काढणं हीच उधळपट्टी.

ब्लोअरला एक गोम आहे, विक्रेता ती सहसा सांगत नाही. नवी मोटार जरा जास्त आरपीएमवर फिरते. जुनी १४४० आणि नवी १४६५ असेल, तर पंख्याची पॉवर वेगाच्या घनात वाढते, म्हणजे पाच टक्के जास्त. वाचवलेलं सगळं तिथंच गेलं! बेल्ट ड्राइव्ह असेल तर मोटारीची पुली त्या हिशेबानं लहान करा.

रिवाइंडिंगच करायचं ठरलं तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात जिथं द्याल तिथं आधी विचारा, जुनं वायंडिंग कसं काढणार? थेट गॅसची ज्योत मारली की स्टॅम्पिंगमधलं इन्सुलेशन जळतं, पत्रे आपसांत शॉर्ट होतात आणि मोटार रिकामी फिरतानाही कोअर तापतो. भट्टीत, तापमान साडेतीनशे अंशांच्या आसपास राखून काढणारा बघा. काढण्याआधी आणि नंतर कोअर लॉस टेस्ट (कोअरमध्ये किती वीज वाया जाते त्याची चाचणी) मागा. तारेचा गेज (जाडी) आणि टर्न (वेढे) मूळचेच हवेत.

नवी घेतलीत तर जुनी मोटार चालू करून विकणाऱ्याला देऊ नका. ती कुणाच्या तरी विहिरीवर तितकीच वीज खात बसेल. बॉडी तुमच्याच फर्नेसला घाला, फक्त तांबं नीट उपसून. रसात तांबं गेलं की कास्टिंग कडक येतं आणि मशिनशॉपवाला बोंबलतो.