चालू खेळात शिरायचं कसं, ते शिकव

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. शाळेतल्या एकट्या पडलेल्या मुलांना मैत्री जमवायला शिकवायचा गट काढतेयस, त्यासाठी केलेली तुझी यादी वाचली. पाचही मुलं एकलकोंडी, आणि त्यांचाच गट करायचा म्हणतेस. तसं करू नकोस. कुणालाच मिसळता येत नसेल तर ती पोरं एकमेकांकडून शिकणार काय? अशी दोन-तीन घे आणि जोडीला सहज मिसळणारी, हसरी तीन घे. वर्गातली सगळ्यांत लाडकी मुलगी मात्र नको; ती हुकूम सोडते आणि बाकीचे बघत बसतात. मिश्र गट असला की ‘ज्यांना दोस्त नाहीत त्यांचा गट’ असा शिक्काही बसत नाही. मधल्या सुट्टीत बातमी किती पटकन फिरते, तुला ठाऊकच आहे.

‘मैत्री म्हणजे काय’ यावर भाषण नको, भिंतीवर चार्ट तर नकोच. ‘वाटून खावं, मदत करावी’ हे चौथीतलं पोर घडाघडा म्हणतं आणि पुढच्याच मिनिटाला पाळीवरून भांडतं. १९७७ साली शेरी ओडेन आणि स्टीव्हन ॲशर या संशोधकांनी तिसरी-चौथीतल्या एकट्या पडलेल्या मुलांबरोबर केलेलं काम मिळवून वाच. रीत साधी होती: आधी थोडं सांगायचं, मग सोबत्याबरोबर खेळू द्यायचं, आणि खेळ संपल्यावर लगेच विचारायचं, काय करून पाहिलंस, काय झालं? वर्गातली मुलं त्यांना खेळगडी म्हणून आधीपेक्षा जास्त पसंत करू लागली, आणि वर्षभरानंतरही ती पसंती टिकली होती.

तुझा बराचसा वेळ एकाच गोष्टीवर जाऊ दे: चालू खेळात शिरणं. मैदानावर सितोलिया, म्हणजे आपली लगोरी, रंगलाय. एक पोर धावत येतं, “मैं भी खेलूँ?” उत्तर येतं, “नहीं।” संपलं. दुसरं येऊन नियम शिकवतं, तिसरं आपल्या नव्या बुटांबद्दल सांगतं. नावडती मुलं असंच काहीसं करतात, असं पुतल्लाझ आणि गॉटमन या संशोधकांना १९८१ साली दिसलं होतं. जमणारं पोर आधी कडेला उभं राहतं, दाम, म्हणजे राज्य, कुणावर आहे ते बघतं, लांब गेलेला चेंडू आणून देतं, खेळाबद्दलच काहीतरी बोलतं आणि डाव संपला की आत शिरतं. खोलीत खरोखरच ठिकऱ्या रच आणि हे करून घे. नकाराचीही तालीम हवी. लाडक्या मुलांनासुद्धा नकार मिळतो, फक्त ती थोड्या वेळाने पुन्हा येतात किंवा दुसरीकडे जातात.

आणि हो, ही तालीम हिंदीतच घे. आपल्या मराठी घरातली पोरं घरी कितीही शुद्ध बोलोत, इंदूरच्या मैदानावर कट्टी होते ती हिंदीत.

पालकांची लेखी संमती आधी. ‘इथलं इथेच राहील’ हे मुलांना सांग, पण सगळंच गुपित ठेवीन असं वचन देऊ नकोस. लैंगिक अत्याचाराचं काही कानावर आलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ते कळवणं तुझ्यावर बंधनकारक आहे.

आठवड्यातून एकदा अर्धा तास पुरे. मुख्याध्यापिका बहुतेक खेळाचा तासच देऊ करतील, कारण तो कुणालाच ‘महत्त्वाचा’ वाटत नाही. तो घेऊ नकोस. गणिताचा माग, भांडावं लागलं तरी चालेल. खेळाच्या तासाला तू मैदानावर उभी राहा आणि कोण कुणाजवळ जातंय ते वहीत टिपून मला पाठव.

तुझी,
ताई