प्रार्थनेला खालीच बसावं लागतं का? इतर धर्मांत काय पद्धत आहे?

नाही, खालीच बसायला हवं असं काही नाही. हा हट्ट धरणाऱ्यांचा मला राग आहे, तो आईमुळे.

तिच्या दोन्ही गुडघ्यांची झीज झाली होती. खाली बसली की उठवायला दोन माणसं लागत, म्हणून संध्याकाळच्या प्रार्थनेला ती खुर्ची घेऊ लागली. काकांनी सगळ्यांदेखत सुनावलं, "वहिनी, देवापेक्षा उंच बसून केलेली प्रार्थना देवाला पोचत नाही." आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती त्या खोलीत यायचीच बंद झाली, आतल्या आत स्तोत्र पुटपुटायची. ते आठवलं की अजून संताप होतो.

काका शास्त्राचं नाव घेत, म्हणून मी शास्त्रच उघडलं. उपासना बसून करावी असं ब्रह्मसूत्रांत, म्हणजे वेदान्ताच्या मूळ सूत्रग्रंथात, आहे (४.१.७), एवढं काकांचं खरं. पण लगेच पुढे (४.१.११) म्हटलंय, मन एकाग्र होईल तिथे करावी, वेगळा नियम नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात ध्यानाचं आसन फार उंच नको, तसंच फार खालीही नको. योगसूत्रांत आसन म्हणजे स्थिर आणि सुखाचं बसणं. ठणकणाऱ्या गुडघ्यांनी मांडी घालण्यात कसलं आलंय सुख?

नमाजात उभं राहणं, रुकू (कमरेतून वाकणं), सजदा (कपाळ जमिनीला टेकणं) सगळं ठरलेलं. तरी आजारी असलेल्या इमरान बिन हुसैन या आपल्या सहकाऱ्याला पैगंबरांनी सांगितलं की उभ्याने जमेना तर बसून, तेही जमेना तर कुशीवर. ही हदीस, म्हणजे पैगंबरांच्या वचनाची नोंद, बुखारींच्या संग्रहात आहे. गुडघे टेकणं ही ख्रिस्ती प्रार्थनेची खूण मानतात, पण इ.स. ३२५ च्या निकिया इथल्या बिशपांच्या परिषदेने रविवारी उभ्यानेच प्रार्थना करायला सांगितलं. ज्यूंची अमिदा ही मुख्य प्रार्थना पाय जुळवून उभ्याने, शिखांची अरदास ही प्रार्थनाही उभ्याने. जैनांचा कायोत्सर्ग, म्हणजे देहाचं भान सोडून स्थिर राहण्याचं ध्यान, उभ्याने होतो, बसूनही होतो.

याचा अर्थ धडधाकट माणसाने लोळत प्रार्थना करावी असा नाही. कपाळ जमिनीला टेकलं की मनही वाकतं, हे मी मानतो. दुसऱ्यांच्या प्रार्थनास्थळी गेलात तर तिथली रीत पाळा.

पण घरात कुणाचे गुडघे गेले असतील तर खुर्ची आधीच मांडून ठेवा, त्यांना मागायला लावू नका. आणि कुणी उंचीचा मुद्दा काढलाच, तर देव्हारा उंचावर न्या. काकांना मी हेच सांगितलं होतं. त्यांना ते अजून पटलेलं नाही.