वाचक विचारतात : कासवाचं वय कसं ओळखायचं?

प्रश्न : आमच्या विहिरीत बऱ्याच वर्षांपासून एक कासव आहे. शंभरी ओलांडली असेल, असं घरातले म्हणतात. पाठीवरची वलयं मोजून वय कळतं का?
– एक वाचक, मोहोळ

उत्तर : विहिरीतलं कासव बहुधा मऊ पाठीचं असतं. त्याच्या पाठीवर खवले नसतात, सलग कातडी असते. त्यामुळे मोजायला वलयंच नाहीत. माळरानावरच्या स्टार कासवाला ती असतात, पण फसवी. खवल्याच्या कडेला नवा थर चढत जातो. चारा भरपूर असला की तो रुंद होतो, वाढ थांबली की तिथे खाच पडते. आपल्याकडे पाऊस मध्येच दडी मारतो आणि पुन्हा येतो; अशा वर्षात दोन खाचाही पडू शकतात. पुढे वाढ मंदावते, जुनी वलयं दगडांवर घासून गुळगुळीत होतात. म्हणजे लहान कासवाचा अंदाज बरा येतो, म्हाताऱ्याचा येत नाही.

खरी भिस्त नोंदींवर. सेंट हेलेना बेटावरचं जोनाथन कासव १८८२ मध्ये तिथे आणलं, तेव्हाच ते पूर्ण वाढलेलं होतं; म्हणून त्याचा जन्म १८३२ च्या सुमारास धरतात. कोलकात्याच्या अलीपूर प्राणिसंग्रहालयातलं अद्वैत २००६ मध्ये मेलं. त्याचं वय अडीचशे सांगितलं जातं, पण तसा पक्का पुरावा नाही. तुमच्या कासवाचे फोटो तारखेसह जपून ठेवा. पुढच्या पिढीला निदान किमान वय तरी खात्रीने सांगता येईल.

प्रश्न : ग्रीनलंड शार्क ४०० वर्षं जगतो, हे कसं ठरवलं?
– विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : डोळ्यावरून. शार्कचा सांगाडा कूर्चेचा असतो आणि या जातीच्या मणक्यांत मोजण्याजोगी वलयं नसतात. मात्र डोळ्याच्या भिंगाचा गाभा जन्माआधीच तयार होतो आणि आयुष्यभर बदलत नाही. त्यातल्या किरणोत्सारी कार्बनवरून वय काढतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २८ माद्या तपासल्या. त्यातली सर्वांत मोठी ५ मीटर लांब होती आणि तिचं वय ३९२ वर्षं आलं, पण १२० वर्षं इकडेतिकडे धरून! म्हणजे २७२ ते ५१२. बातम्यांत नेमकी ही मर्यादाच गळते.

याहून नेमकं वय शिंपल्याचं कळतं, कारण तिथे दरवर्षी एक रेघ उमटते. आइसलंडजवळ २००६ मध्ये मिळालेला एक शिंपला आधी सुमारे ४०५ वर्षांचा मानला होता. बिजागरीजवळच्या रेघा इतक्या दाटीच्या होत्या की मोजणी चुकली. बाहेरच्या कडेवर पुन्हा मोजल्यावर ५०७ भरल्या.

प्रश्न : रस्त्यावर सापडलेलं स्टार कासव सिद्धेश्वर तलावात सोडलं तर चालेल का?
– एक वाचक, अक्कलकोट

उत्तर : अजिबात नाही. ते जमिनीवरचं कासव आहे, त्याला पोहता येत नाही. खोल पाण्यात बुडून मरेल. घरीही नेऊ नका, ते पाळणं वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. दोन्ही हातांनी कवचाच्या बाजू धरून, जमिनीपासून फार उंच न उचलता, ते ज्या दिशेने चाललं होतं त्याच कडेला झुडपाखाली ठेवा. नंतर हात साबणाने धुवा, कासवांच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात. कवच फुटलं असेल तर पाण्याने धुऊ नका, हळद किंवा तेल लावू नका. हवा जाईल अशा कोरड्या खोक्यात ठेवून लगेच वनखात्याला कळवा.