ब्राइटहॉर्नला जाताना अंगावर काय घालाल?

ब्राइटहॉर्न हे स्विस आल्प्समधलं बर्फाळ शिखर. पायथ्याचं गाव झर्मॅट १,६०० मीटरवर, तर जिथून चढाई सुरू होते ते क्लाइन मॅटरहॉर्नचं केबलकार स्टेशन सुमारे ३,८२० मीटरवर. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश पारा उतरतो, म्हणजे वर गावापेक्षा पंधराएक अंश जास्त थंडी, वारा वेगळाच. तरीही निघताना जरा थंडी वाजेल इतकेच कपडे घाला. सुरुवातीलाच जाड जॅकेट चढवलंत तर चढावर घाम येतो आणि थांबलात की तोच ओलावा तुम्हाला गारठवतो. ते जॅकेट पिशवीत सगळ्यात वर ठेवा, थांबल्याबरोबर घाला.

दुकानांत दिसणारा एडलवाइस फुलांचा निळा शर्ट झकास दिसतो, पण तो सुती. सूत घाम धरून ठेवतं. तो गावात मिरवायला ठेवा, बर्फावर आत मेरिनो लोकरच हवी. जुने वाटाडे घट्ट मळलेल्या लोकरीचे कोट वापरत ते उगाच नाही. लोकर ओली झाली तरी बरीच ऊब देते.

पँट पायाशी घोळदार नको, क्रॅम्पॉनचे, म्हणजे बर्फासाठी बुटाखाली बांधायच्या काटेरी पट्ट्यांचे, दात अडकून माणूस तोंडावर आपटतो. हातमोज्यांचा जादा जोड घ्या. गॉगल चौथ्या, म्हणजे सगळ्यात गडद काचेच्या श्रेणीचा हवा, मात्र तो लावून गाडी चालवू नका.