आर्क्टिकच्या पहिल्या सफरीपूर्वी
सत्तरीनंतर स्वालबार्डची, म्हणजे नॉर्वेच्या उत्तरेकडील आर्क्टिक बेटांची, जहाजाने सफर झेपेल का, हा आपला प्रश्न मला वयापेक्षा गुडघ्यांचा वाटतो. कारण उतरण्याच्या बहुतेक ठिकाणी धक्का नसतो आणि जहाजाच्या शिडीवरून हलत्या रबरी झोडियाक होडीत पाय टाकावा लागतो. त्या वेळी खलाशाचा पंजा न धरता मनगटाच्या वरचा भाग घट्ट धरावा, हात मोकळे ठेवावेत आणि त्याने सांगितल्याशिवाय होडीत उभे राहू नये. आतापासून रोज जिने चढण्या-उतरण्याचा सराव ठेवलात, तर बरीच धास्ती ओसरेल.

नवखे प्रवासी हमखास चुकतात ते येथे:

- एकच जाडजूड कोट घेतात. लोकरीचे पातळ थर आणि वरून जलरोधक विजार हवी, कारण तुषारांनी आधी मांड्याच भिजतात.
- विमा स्वस्तातला घेतात. स्वालबार्डचे मुख्य गाव लाँगइयरब्येन, तेथील रुग्णालय लहान असल्याने गंभीर रुग्णाला विमानाने नॉर्वेच्या मुख्य भूमीवरील ट्रॉम्सो शहरात हलवतात. तो खर्च विम्यात स्पष्ट नमूद असावा.

स्वालबार्ड शेंगेनबाहेर, म्हणजे युरोपीय देशांच्या समाईक व्हिसाच्या क्षेत्राबाहेर आहे आणि नॉर्वेमार्गे जाता-येता त्या क्षेत्रात दोनदा शिरावे लागते, म्हणून व्हिसा लागत असल्यास एकाहून अधिक प्रवेशांचा घ्यावा. ध्रुवीय अस्वल जवळून दिसेल, ही अपेक्षा मात्र सोडावी. २०२५पासून त्याच्यापासून किमान ३०० मीटर आणि मार्च ते जून ५०० मीटर अंतर राखावे लागते, तेव्हा कॅमेऱ्याआधी चांगली दुर्बीण घ्यावी. लेन्सचा विचार तूर्त नको.