असामाजिक, समाजविघातक आणि लिंगभेद

दापोलीकडच्या एका शिक्षिकेनं विचारलंय: पालकसभेच्या टिपणाला ‘असामाजिक वर्तन आणि मेंदूतील लिंगभेद’ असं शीर्षक दिलं, तर एका आईनं धास्तावून विचारलं, ‘आमचा झील कोणात मिसळत नाही, हे त्याच्यासाठी का?’ शब्द कुठे चुकला?

दोन्हीकडे. ‘असामाजिक’ वाचलं की मराठी वाचकाला माणसांत न रमणारा दिसतो. त्याला आपण घुम्या म्हणतो, एकलकोंडा म्हणतो, फारच झालं तर माणूसघाणा. शिमग्यात पालखी दारी आली तरी पडवीतून न हलणारा घुम्या कोणाचं काही वाकडं करत नाही. मानसशास्त्रातल्या ‘अँटिसोशल’चा रोख मात्र मारहाण, चोरी, फसवणूक यांवर आहे. त्याला ‘समाजविघातक’ किंवा ‘समाजविरोधी’ म्हणावं. वर्तमानपत्री ‘समाजकंटक’ माणसाला लागतो, वागण्याला नाही. आठवीतल्या पोराला तर तो लावूच नये.

‘लिंगभेद’ म्हटलं की वाचक अन्याय शोधू लागतो. इथे साधं ‘फरक’ पुरे. कारण सापडलंय तेही तेवढंच. मेंदू आणि गुन्हेगारी यांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ एड्रियन रेन आणि सहकाऱ्यांनी २०११ साली दाखवलं, की डोळ्यांच्या खोबणीमागचा आणि कपाळामागचा मेंदूचा काही भाग पुरुषांत सरासरीनं लहान असतो. तो हिशेबात घेतल्यावर समाजविघातक वर्तनातली स्त्री-पुरुष तफावत ७७ टक्क्यांनी घटली. ज्या स्त्रियांत हा भाग लहान होता, त्यांच्यातही असं वर्तन अधिक आढळलं. म्हणजे बाईचा मेंदू एक आणि पुरुषाचा भलताच, असं नाही. आकडा एकाच अभ्यासाचा आहे, पालकांपुढे छातीठोकपणे सांगू नका.

न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनच्या अभ्यासातला आकडा मला अधिक बोलका वाटतो. तिथे १९७२-७३ साली जन्मलेल्या मुलांचा मागोवा अजून चालू आहे. लहानपणापासून सुरू होऊन पुढे टिकणाऱ्या वर्तनात एका मुलीमागे दहा मुलगे निघाले. वयात येताना सुरू होणाऱ्या वर्तनात मात्र दोन मुलींमागे तीन. आपली बोली हा दुसरा आकडा मानतच नाही: ‘टारगट’ म्हटलं की मुलगाच डोळ्यांपुढे येतो, आणि तेच उद्योग करणारी मुलगी ‘आगाऊ’वर सुटते.

तेव्हा शीर्षक ‘समाजविघातक वर्तन: मुलगे आणि मुली यांच्या मेंदूतील फरक’ असं करा. सभेत बोलताना ‘दुसऱ्याला इजा करणारं वागणं’ म्हणा, आणि त्या आईला आधीच निरोप द्या.